प्रत्येक मांजर मुळात पट्टेरीच

मच्छीबाजाराच्या दाराशी, वाड्याच्या पडवीत किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये हमखास भेटणारं मांजर म्हणजे करड्या अंगावर काळे पट्टे असलेलं. शेपटीला काळी वळी, पायांवर आडव्या रेघा, गळ्याशी एकदोन काळे गोफ, डोळ्याच्या कोपऱ्यातून गालावर ओढलेली काजळरेघ आणि कपाळावर इंग्रजी ‘एम’सारखी खूण. घरात आलं की त्याचं नाव बहुतेक वेळा वाघ्या पडतं. मांजरांचे अभ्यासक अशा मांजराला ‘टॅबी’ म्हणतात. पर्शियन किंवा सयामी मांजराच्या किमतीची चौकशी करणारी मंडळी याच्याकडे साधं गावठी म्हणून बघतात आणि पुढे जातात. टॅबी ही जात नाही, हे त्यांचं बरोबर आहे. तो रंगही नाही. ती एक नक्षी आहे आणि जगातल्या प्रत्येक मांजराला ती जन्मतः मिळालेली असते. काळ्याभोर, नारिंगी, तिरंगी, पांढऱ्या अशा सगळ्या मांजरांना. काहींच्या अंगावर ती उघड दिसते, काहींच्या अंगावर दुसऱ्या एखाद्या जनुकामुळे झाकली जाते.

हे पटण्यासाठी पट्टेरी मांजराचा एक केस निरखून पाहावा. दोन काळ्या पट्ट्यांच्या मधल्या करड्या जागेवर हलकी फुंकर मारली की केस उलटे होतात आणि दिसतं, की त्या भागातला एकही केस एकरंगी नाही. टोक गडद, त्याखाली पिवळसर भाग, पुन्हा गडद, असा प्रत्येक केस टप्प्याटप्प्याने रंगलेला असतो. ससा आणि मुंगूस यांच्या अंगावरही असेच केस असतात. दक्षिण अमेरिकेत ‘अगूटी’ नावाचा एक कुरतडणारा प्राणी आहे, त्याच्यावरून अशा केसाला अगूटी केस म्हणतात. काळ्या पट्ट्यातला केस मात्र जवळजवळ पूर्ण गडद निघतो. म्हणजे करडा असा वेगळा रंग मांजराकडे नसतोच. लाखो दुरंगी केस एकत्र पाहिल्यावर आपल्या डोळ्यांना तो करडा भासतो.

मांजराकडे रंगद्रव्यं दोनच. काळं-तपकिरी युमेलॅनिन आणि पिवळं-तांबूस फिओमेलॅनिन. केस वाढत असताना त्याच्या मुळाशी असलेल्या रंगपेशी आधी काळं द्रव्य बनवतात. मग एएसआयपी नावाचं प्रथिन तिथे येतं आणि काळ्याचं काम थांबवतं. तेवढा वेळ पिवळं द्रव्य भरलं जातं. प्रथिन ओसरलं की पुन्हा काळं. आता हे प्रथिन बनवणारं जनुकच बिघडलेलं असेल, तर? काळ्याचं काम थांबवणारं कोणी उरत नाही आणि सगळे केस मुळापासून टोकापर्यंत काळे होतात. आपण ज्याला काळं मांजर म्हणतो, ते हेच. त्या जनुकातली फक्त दोन अक्षरं गळलेली असतात, हे २००३ साली सिद्ध झालं. आईकडून आणि वडिलांकडून, दोघांकडून तसं जनुक आलं तरच पिल्लू काळं होतं. पट्टे मात्र पुसले जात नाहीत. काळ्या पिल्लाला सकाळच्या कोवळ्या उन्हात तिरकं धरून पाहा, कुशीवर पुसट पट्टे दिसतात. मोठेपणी उन्हाने केस तांबूस पडले तर पुन्हा डोकावतात. आडवं गेलं म्हणून ज्याच्यावर अजूनही दगड उचलले जातात, ते मांजर म्हणजे दोन अक्षरं हरवलेला घरचा वाघ्याच आहे. रस्त्यात थांबून मागे फिरणाऱ्या माणसांनी एवढं तरी समजून घ्यावं, असं मला मनापासून वाटतं. काळ्या बिबट्याचं गणितही हेच. त्याच्यातही हेच जनुक बिघडलेलं असतं, आणि म्हणूनच ताडोबातल्या काळ्या बिबट्याच्या अंगावर योग्य उजेडात ठिपक्यांची फुलं स्पष्ट दिसतात.

टॅबी नक्षीचे चार प्रकार मानले जातात. पाठीच्या कण्यावरून खाली उतरणाऱ्या बारीक, जवळजवळ समांतर रेघा हा मूळ प्रकार. बांगडा माशाच्या अंगावरच्या रेघांवरून इंग्रजीत त्याचं नाव पडलं आहे, आणि कोकणातल्या माणसाला ते लगेच समजेल. दुसऱ्या प्रकारात पट्टे रुंद होतात, वळतात, एकमेकांत मिसळतात आणि कुशीवर एक मोठं वेटोळं तयार होतं. तिसऱ्यात रेघा तुटून ठिपके होतात. चौथ्यात अंगावर पट्टे जवळजवळ दिसतच नाहीत, फक्त दुरंगी केसांची एकसारखी झाक. पण चेहऱ्यावरच्या रेघा आणि कपाळावरचा ‘एम’ तिथेही टिकून असतो.

बारीक रेघांचा प्रकार मूळ, असं म्हणायला आधार आहे. पाळीव मांजराचा पूर्वज म्हणजे पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेतलं रानटी मांजर, फेलिस लिबिका. त्याच्या अंगावर अशाच फिकट रेघा असतात. सायप्रसमध्ये सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका थडग्यात माणसाशेजारी पुरलेलं मांजर सापडलं आहे, इतकी ही सोबत जुनी. इजिप्तमधल्या नेबामून नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यातलं भित्तिचित्र आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या चित्रात बोरूच्या बेटात पक्ष्यांवर झडप घालणारं पट्टेरी मांजर आहे. मग वेटोळ्याचं मांजर कधी आलं? २०१७ साली क्लाउडिओ ओटोनी, एव्हा-मारिया गाइगल आणि सहकाऱ्यांनी दोनशेहून अधिक प्राचीन मांजरांच्या हाडांतला, दातांतला, ममींमधला डीएनए तपासला. वेटोळ्याचं जनुक त्यांना चौदाव्या शतकाच्या आधी सापडलं नाही. ते पहिल्यांदा दिसलं तुर्कस्तानात. म्हणजे हजारो वर्षं माणसाने मांजराला उंदीर मारायला जवळ ठेवलं, पण त्याचं रूप बदलायच्या फंदात तो पडला नाही. कुत्रा, गाय, कोंबडी यांच्या बाबतीत असं घडलेलं नाही.

वेटोळं पुढे युरोपात पसरलं आणि ब्रिटनमध्ये तर बारीक रेघांना मागे टाकून बसलं. तिथून ते गलबतांवरच्या मांजरांबरोबर अमेरिका-ऑस्ट्रेलियातल्या वसाहतींत गेलं. नील टॉड या अमेरिकन अभ्यासकाने बंदराबंदरांतल्या मांजरांच्या रंगांची मोजदाद करून जुने व्यापारमार्ग शोधण्याचा उद्योग केला होता, त्याचा लेख १९७७ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये आला. आपल्याकडे मात्र वेटोळ्याचं मांजर विरळच. मुंबईच्या ससून डॉकवर किंवा रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात दिसतात ती बारीक रेघांची, ठिपक्यांची आणि एकसारख्या झाकेची मांजरं.

या वेटोळ्यामागचं जनुक सापडलं २०१२ साली, आणि तिथून ही कथा मांजरापुरती राहिली नाही. ग्रेगरी बार्श आणि ख्रिस्तोफर केलिन यांच्या गटाने उत्तर कॅलिफोर्नियातल्या भटक्या मांजरांवर काम केलं. ‘टॅक्पेप’ नावाचं जनुक शाबूत असेल तर बारीक रेघा उमटतात. आईवडील दोघांकडून बिघडलेलं आलं तर वेटोळं. मग त्यांनी हेच जनुक चित्त्यात तपासलं. आफ्रिकेत ठिपक्यांऐवजी रुंद काळे पट्टे आणि डाग असलेला ‘किंग चीता’ अधूनमधून दिसतो. १९२७ साली आर. आय. पोकॉक या प्राणिशास्त्रज्ञाने ती वेगळी प्रजातीच ठरवून टाकली होती. १९८१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या डी विल्ड्ट केंद्रात साध्या ठिपक्यांच्या माद्यांच्या पोटी असे बछडे जन्मले आणि वेगळ्या प्रजातीची कल्पना निकालात निघाली. आता कळलं, की त्याच्यातही टॅक्पेपच बिघडलेलं आहे. विशेष म्हणजे याच पोकॉकने १९०७ साली इंग्लंडमधल्या घरगुती मांजरांच्या दोन नक्षींवरही निबंध लिहिला होता. एकाच जनुकाच्या दोन करामती त्याच्या डोळ्यांखालून गेल्या; त्यांना जोडणारं शास्त्र मात्र त्याच्या हयातीत तयार नव्हतं.

तिसरी करामत आपल्या देशातली. ओडिशाच्या मयूरभंज जिल्ह्यातल्या सिमिलिपालच्या जंगलात काळे वाघ आहेत. ते पूर्ण काळे नसतात. त्यांचे पट्टे इतके रुंद होतात आणि एकमेकांत असे मिसळतात, की मधला पिवळा रंग जेमतेम उरतो. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातल्या उमा रामकृष्णन, विनय सागर आणि सहकाऱ्यांनी २०२१ साली त्याचं कारण शोधून काढलं. पुन्हा तेच टॅक्पेप. सिमिलिपालचे वाघ इतर जंगलांतल्या वाघांपासून तुटले आहेत, संख्या थोडी, आपापसांतच संकर. म्हणून एरवी दुर्मीळ राहिलेला हा बदल तिथे वारंवार दिसतो. आपल्याकडे मांजराला वाघाची मावशी म्हणतात. लंडनच्या गल्लीतल्या वेटोळ्याच्या मांजराचं आणि सिमिलिपालच्या काळ्या वाघाचं नातं आता डीएनएच्या पातळीवर दाखवता येतं. पण या बातमीचा आनंद मानताना तिची दुसरी बाजूही दिसायला हवी. काळे वाघ वाढणं ही एकाकी पडलेल्या जंगलाची खूण आहे, आणि पर्यटकांसाठी त्यांचा देखावा मांडण्यापेक्षा त्या वाघांना दुसऱ्या जंगलांशी जोडणारे मार्ग खुले करणं हे जास्त निकडीचं काम आहे.

नक्षी कुठे उमटायची हे मांजराच्या अंगाला कळतं कसं, हा या साऱ्यातला सर्वात सुंदर प्रश्न. प्रत्येक पेशीत जनुकं तीच असतात. मग ही पेशी काळ्या पट्ट्याची आणि शेजारची करड्या जागेची, हे ठरतं कुठे? गणितज्ञ ॲलन ट्युरिंगने १९५२ साली एक उत्तर सुचवलं होतं. दोन रसायनं घ्या. एक स्वतःलाही वाढवतं आणि दुसऱ्यालाही. दुसरं पहिल्याला दाबतं, पण ते ऊतींमधून जास्त वेगाने पसरतं. जिथे पहिलं थोडंसं जास्त झालं तिथे ते साचत जातं, आणि आजूबाजूला पसरलेलं दुसरं रसायन शेजारी तसा साठा होऊ देत नाही. काही अंतरावर दाब कमी होतो आणि पहिल्याचा पुन्हा साठा होतो. कोणी आखणी न करता ठरावीक अंतरावर ठिपके किंवा पट्टे तयार होतात. ट्युरिंगने हे कागदावर मांडलं. प्राण्याच्या अंगात अशी रसायनं प्रत्यक्ष आहेत का, हे कळायला अनेक दशकं गेली.

मांजराच्या बाबतीत उत्तर २०२१ साली मिळालं, बार्श-केलिन यांच्याच गटाकडून. भटक्या मांजरींची नसबंदी करताना काही गाभण निघतात आणि काढलेलं गर्भाशय एरवी टाकूनच दिलं जातं. त्यातले गर्भ या संशोधकांनी अभ्यासासाठी घेतले. मांजरीचा गर्भकाळ साधारण नऊ आठवड्यांचा. चौथ्या आठवड्याच्या आसपास, अंगावर एकही केस नसताना आणि रंगाचा मागमूस नसताना, गर्भाच्या त्वचेत जाड-पातळ पट्टे दिसू लागतात. जाड पट्ट्यांतल्या पेशींमध्ये डीकेके-४ नावाचं जनुक चालू असतं, आणि पुढे तिथेच गडद केस येतात. डीकेके-४ पासून बनणारं प्रथिन वाढीच्या एका संदेशाला दाबणारं आहे. ट्युरिंगला हवं होतं तसं. रांगोळीत जसे आधी ठिपके मांडतात आणि रंग मागाहून भरतात, तशी इथे जागा आधी ठरते आणि रंग कित्येक दिवसांनी येतो. केसमुळांना आपली जागा काळ्याची की करड्याची हे कायमचं लक्षात राहतं. म्हणून तळहातावर मावणाऱ्या पिल्लाच्या अंगावरचे पट्टे बोका झाल्यावरही तितकेच राहतात. ते फक्त लांबरुंद होतात. इतक्या मूलभूत प्रश्नाचं उत्तर टाकाऊ ठरलेल्या ऊतींतून, कुणाचंही नसलेल्या रस्त्यावरच्या मांजरांकडून मिळालं, ही गोष्ट मला या संशोधनात सर्वांत मोलाची वाटते.

डीकेके-४ स्वतःच बिघडलं तर चौथा प्रकार तयार होतो. पट्टे नाहीसे होत नाहीत. खुणा इतक्या बारीक आणि दाट होतात की वेगळ्या ओळखू येत नाहीत. ॲबिसिनियन ही जात याच नक्षीसाठी प्रसिद्ध आहे. नावावरून ती इथिओपियाची वाटते, पण नेदरलंड्समधल्या लायडनच्या निसर्गसंग्रहालयात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातलं असंच एक पेंढा भरलेलं मांजर आहे आणि त्याची नोंद भारतातलं पाळीव मांजर अशी आहे. जनुकीय तपासणीही या जातीचं मूळ हिंदी महासागराच्या किनाऱ्यांकडे दाखवते. आपल्या अंगणात फिरणाऱ्या, पट्टे नसलेल्या करड्या मांजरांकडे या माहितीनंतर जरा आदराने पाहायला हरकत नाही.

आता नारिंगी मांजर. नारिंगी बोके भरपूर दिसतात, नारिंगी मांजरी मात्र कमी. कारण हा गुण एक्स गुणसूत्रावर आहे. बोक्याकडे एक्स एकच, त्यामुळे त्यावर हा गुण असला की रंग नारिंगी. मांजरीला मात्र दोन्ही एक्सवर तो मिळावा लागतो. समजा एखाद्या गावात पाचांतल्या एका एक्सवर हा गुण आहे. मग पाचांतला एक बोका नारिंगी होईल, पण पंचविसांतली एकच मांजरी. एका एक्सवर नारिंगी आणि दुसऱ्यावर नसेल तर मांजरी कबरी होते. मादीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स बंद केला जातो, आणि कुठल्या पेशीत कुठला बंद होईल याला काही नियम नाही. मेरी लायन यांनी १९६१ साली उंदरांवरून ही कल्पना मांडली. त्याआधी १९४९ मध्ये मरे बार आणि एवर्ट बर्ट्राम यांना मांजरींच्याच चेतापेशींत तो बंद पडलेला एक्स, एका गडद ठिपक्याच्या रूपात, सूक्ष्मदर्शकाखाली दिसला होता. कबऱ्या मांजरीला पांढऱ्याचीही जोड मिळाली की ती तिरंगी. तिरंगी बोका क्वचितच जन्मतो. त्याच्याकडे बहुधा दोन एक्स आणि एक वाय असतो आणि त्याला पिल्लं होत नाहीत.

एक्स बंद होण्याचा सर्वांत बोलका दाखला टेक्सासमधला. टेक्सास ए अँड एम विद्यापीठात २२ डिसेंबर २००१ रोजी जगातलं पहिलं क्लोन केलेलं मांजर जन्मलं, नाव ‘सीसी’. जिच्या पेशीपासून ते बनवलं ती रेनबो नावाची मांजरी तिरंगी होती. सीसी मात्र करडी पट्टेरी आणि पांढरी निघाली. नारिंगीचा एक ठिपकाही नाही. जी पेशी घेतली होती तिच्यात नारिंगीचा एक्स बंद होता आणि क्लोन करताना तो उघडला नाही. आपल्या लाडक्या मांजराची हुबेहूब प्रत मिळेल, या आशेला त्या एका पिल्लाने उत्तर दिलं.

नारिंगी मांजर कायम पट्टेरीच का असतं, हे कोडं मात्र बरीच वर्षं राहिलं. मे २०२५ मध्ये दोन गटांचं काम एकाच वेळी प्रसिद्ध झालं: एक स्टॅनफर्डच्या बाजूने केलिन आणि बार्श यांचं, दुसरं जपानच्या क्यूशू विद्यापीठातल्या हिरोयुकी सासाकी यांचं. सासाकींच्या संशोधनाला मांजरप्रेमींनी वर्गणी काढून पैसा पुरवला होता. एक्स गुणसूत्रावर आरगॅप-३६ या जनुकाजवळचा सुमारे पाच हजार अक्षरांचा तुकडा नारिंगी मांजरांत गळलेला असतो. त्यामुळे एरवी रंगपेशीत बंद असणारं हे जनुक चालू होतं आणि काळं द्रव्य बनवण्याचा मार्गच अडवतं. अडवणूक एएसआयपीच्या पुढच्या पायरीवर असल्यामुळे एएसआयपी बिघडलेलं असलं तरी पट्टे झाकण्याइतका काळा रंग तयार होत नाही. नक्षी उघडी राहते, गडद नारिंगीवर फिकट नारिंगी.

बाकीचे रंग थोडक्यात. एक जनुक रंगाचे कण केसात विरळ आणि गोळ्यागोळ्यांनी पसरवतं. त्यामुळे काळ्याचं राखाडी आणि नारिंगीचं साईसारखं फिकट होतं. दुसरं एक पिवळं द्रव्य जवळजवळ काढून टाकतं आणि मांजर रुपेरी दिसतं. पांढरा हा रंगच नाही. तिथे रंगपेशी पोचलेल्या नसतात, म्हणून पंजे, पोट आणि छाती आधी पांढरी राहतात. सयामी मांजरात रंग बनवणारं विकर फक्त थंड जागी काम करतं, म्हणून कान, नाक, पाय, शेपटी गडद. रंगावरून मांजर रागीट की मायाळू ते ठरतं, असं लोक ठामपणे सांगतात. तसा भरवशाचा पुरावा नाही. पिल्लू पहिल्या काही आठवड्यांत माणसाच्या हाताळणीत वाढलं का, याला जास्त महत्त्व आहे.

अंगावरची नक्षी वाचता येण्याचा महाराष्ट्रात एक रोकडा उपयोग आहे. ऊसतोडीच्या हंगामात जुन्नर, नाशिक, अहिल्यानगर भागांत फडात पिल्लं सापडतात आणि बिबट्याची पिल्लं म्हणून गाव गोळा होतं. पुष्कळदा ती वाघाटीची किंवा रानमांजराची निघतात. वाघाटी ही जगातल्या सर्वांत लहान मांजरांपैकी एक, पूर्ण वाढूनही घरच्या मांजरापेक्षा लहान. तिच्या अंगावर ओळीने तांबूस ठिपके, कपाळावरून मानेकडे गेलेल्या रेघा, आणि शेपटी जवळजवळ कोरी. शेपटीवर ठळक काळी वळी दिसली नाहीत तर ते घरचं पट्टेरी पिल्लू नव्हे, असं समजावं. रानमांजर मोठेपणी जवळपास एकरंगी असतं, पण त्याची पिल्लं पट्टेरी जन्मतात. त्यांना घरचं समजून लोक उचलून नेतात, दूध पाजतात आणि ती दगावतात. दोन्ही प्राण्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. त्यांची आई बहुतेक वेळा जवळच असते आणि अंधार पडल्यावर पिल्लं घेऊन जाते. तेव्हा फडात पिल्लू दिसलं तर हात लावू नका, तेवढ्या भागाची तोड थांबवा, माणसं आणि कुत्री दूर ठेवा आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.